जुनी भोकं इपॉक्सीने बुजवताना: ताकदीची पुट्टी वेगळी, आकाराची वेगळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फायबरची जुनी बोट घेतली, आधीच्या मालकाने ठिकठिकाणी लावलेली फिटिंग्ज काढून टाकली आणि आता डेकवर व बाजूंना स्क्रूची भरपूर भोकं उरली आहेत. शिवाय पाणरेषेखाली ४० मिलिमीटरचं एक आरपार भोक आहे, तिथे पूर्वी खोली मोजणारा सेन्सर होता. कवचाची जाडी तिथे ६ मिलिमीटर. इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या चिकट पदार्थाची) घट्ट पुट्टी कालवून सगळी भोकं एकाच दिवशी भरता येतील का, आणि वर रंग दिल्यावर ती दिसू नयेत म्हणून काय करावं?

एकाच पुट्टीने सगळी भरता येणार नाहीत. बाजारात ‘सगळ्यासाठी एकच’ म्हणून मिळणारे डबे असतात, पण भोक बुजवताना दोन वेगळी कामं करायची असतात. एक म्हणजे तुटलेली ताकद परत आणणं आणि दुसरं म्हणजे पृष्ठभागाचं वळण परत आणणं. ताकदीसाठी जे मिश्रण लागतं ते घासायला दगडासारखं कठीण असतं. जे मिश्रण छान घासलं जातं त्यात ताकद नसते. एकाच मिश्रणाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की एक तर भोकाभोवती खळगा पडतो, नाहीतर काही महिन्यांनी रंगाला गोल तडा दिसतो.

आधी मोठ्या भोकाचं बोलू, कारण चुकलं तर बोट बुडवणारं तेच आहे. पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवर ४० मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला अंदाजे १४० लिटर पाणी आत येतं. छोट्या बोटीवरचे बरेच पंप प्रत्यक्षात एवढं पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. म्हणून इथे नुसतं ‘बूच’ मारणं मला कधीच मान्य नाही, मग ते कितीही छान इपॉक्सीचं असो.

यामागे साधं गणित आहे. भोकात पुट्टीची सरळ गोल चकती बसवली तर तिला धरून ठेवायला फक्त भोकाची कड असते. ४० मिलिमीटर व्यास आणि ६ मिलिमीटर जाडी धरली तर चिकटण्याची जागा होते साडेसात चौरस सेंटिमीटर. लाटेवर आपटताना कवच वाकतं, पुट्टीची चकती तेवढी वाकत नाही आणि त्या बारीक कडेवर दर वेळी ताण येतो. आता त्याच भोकाभोवती कवच उतरतं घासा, जाडीच्या बारापट लांबीचा उतार. ६ मिलिमीटरला ७२ मिलिमीटर, म्हणजे भोकासकट साधारण १८५ मिलिमीटर व्यासाची उथळ बशी तयार होते. त्या उतारावर चिकटण्याची जागा अडीचशे चौरस सेंटिमीटर, तीसपटीहून जास्त. शिवाय ताण कडेवर एकवटण्याऐवजी सगळ्या उतारावर पसरतो. ४० मिलिमीटरच्या भोकासाठी एवढी मोठी जागा ग्राइंडरने खरवडायची हे पहिल्यांदा करणाऱ्याला वेडेपणाचं वाटतं आणि तो तीन-चारपट उतारावर थांबतो. पाणरेषेच्या वर, फारसा भार नसलेल्या जागी आठपट चालून जातं. पाण्याखाली बारापटीच्या खाली येऊ नका.

ग्राइंडर लावण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी. तळावर जुना शेवाळविरोधी रंग असेल तर तो कोरडा घासू नका. त्यात तांब्याची संयुगं असतात आणि जुन्या थरांत त्याहून विषारी काहीही असू शकतं. ओला करून खरवडून काढा आणि तो खरवडा गोळा करा. दुसरी गोष्ट म्हणजे तेलकटपणा आणि सिलिकॉन. जुन्या फिटिंगखाली हमखास सिलिकॉनचं सीलंट सापडतं, आणि इपॉक्सीचा त्याच्याइतका मोठा वैरी नाही. आधी पात्याने सगळं सोलून काढा, मग सॉल्व्हंटने (तेलकट घाण विरघळवणाऱ्या द्रवाने) पुसा, आणि त्यानंतरच घासायला घ्या. क्रम उलटा झाला तर सँडपेपर ते सिलिकॉन आणि मेण ओरखड्यांच्या तळापर्यंत नेऊन भरतो. पुसताना दोन फडकी घ्या, एक सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं आणि दुसरं कोरडं पांढरं. भिजलेल्याने घाण सुटते आणि सॉल्व्हंट उडून जायच्या आत कोरड्याने ती उचलायची. नुसत्या ओल्या फडक्याने घाण जागा बदलते, जात नाही.

उतार घासताना थर नीट बघा. निरोगी लॅमिनेट (रेझिनमध्ये भिजवलेले काचेच्या कापडाचे एकावर एक थर) घासलं की थरांच्या समकेंद्री रेषा स्पष्ट दिसतात. कुठे पांढरट पट्टा दिसला, थर सुटे वाटले किंवा नाण्याने टकटक केल्यावर आवाज बद्द आला, तर तिथे ओल शिरलेली आहे किंवा थर सुटले आहेत. ते जाईपर्यंत घासत जावं लागतं आणि त्यात भोक मोठं झालं तर होऊ द्यावं. ओल तपासायला पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि उन्हात एक-दोन दिवस ठेवा. आतून घाम धरला तर कवच अजून ओलं आहे. मग थांबायचं. वाळायला कधी आठवडे लागतात आणि याला शॉर्टकट नाही.

भरताना मागून आधार लागतो. आतून हात पोचत असेल तर सोपं आहे. सनमाइकाचा पातळ तुकडा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचा, आतल्या बाजूने वळणाला दाबून टेकू द्यायचा. आतून हात पोचत नसेल तर काचेच्या कापडाचे दोन-तीन थर इपॉक्सीत भिजवून सपाट पातळ चकती आधीच बनवून ठेवा. ती लंबगोल कापा म्हणजे तिरकी करून भोकातून आत जाईल. मध्ये स्क्रू किंवा तार अडकवा, कडेला घट्ट इपॉक्सी लावा, आत सरकवा आणि तार बाहेर ओढून बांधून ठेवा. सेट झाल्यावर तार काढायची. ही चकती ताकदीसाठी नाही, फक्त भिंत म्हणून आहे.

आता कापड. इथे पॉलिएस्टर रेझिनवर हात बसलेले लोक चुकतात. नेहमीच्या तुकडे-धाग्यांच्या मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे अशी मॅट ताठच राहते, वळणाला बसत नाही आणि नीट भिजतही नाही. इपॉक्सीसाठी शिवलेलं बायअ‍ॅक्शियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या, मॅट न जोडलेलं. ४५० ग्रॅमच्या कापडाचा एक थर हाताने भिजवून दाबल्यावर अर्धा मिलिमीटर किंवा किंचित जास्त जाडी देतो. म्हणजे ६ मिलिमीटरसाठी दहाएक थर. पण वरचा सुमारे एक मिलिमीटर आकाराच्या पुट्टीसाठी आणि प्रायमरसाठी मोकळा ठेवायचा आहे, त्यामुळे नऊ थर पुरे होतात.

चकत्या कापताना सगळ्यात मोठी उताराच्या बाहेरच्या कडेइतकी आणि सगळ्यात लहान भोकापेक्षा थोडी मोठी ठेवा. आधी मोठी लावायची की लहान, यावर कार्यशाळांमध्ये वाद चालतो. मी मोठी आधी लावतो. तिने सगळा उतार एका अखंड थराने झाकला जातो, आणि नंतर घासताना पेपर फक्त वरच्या लहान चकत्यांच्या कडा खातो, खालचा सर्वांत महत्त्वाचा थर शाबूत राहतो. लहान आधी लावली तर घासताना नेमका मोठ्या थराचाच मधला भाग कापला जाण्याची भीती असते. प्रत्येक थराची दिशा आळीपाळीने ४५ अंशांनी फिरवा.

लावण्याआधी सगळ्या उताराला नुसतं, पावडर न घातलेलं इपॉक्सी ब्रशने चोळा. ही पायरी वगळणारे बरेच आहेत. घट्ट मिश्रण ओरखड्यांत शिरत नाही, पातळ रेझिन शिरतं. त्यावर सिलिका (मिश्रण घट्ट करणारी पावडर) घातलेल्या इपॉक्सीचा पातळ हात फिरवला की पहिल्या कापडाखालच्या बारीक पोकळ्या भरतात. मग कापड, रेझिन, लोखंडी खाचांचा रोलर आणि पुन्हा कापड. कापड पारदर्शक दिसायला लागलं की ते भिजलं. पांढरे ठिपके म्हणजे हवा. त्याउलट चकाकणारं थारोळं दिसत असेल तर रेझिन जास्त झालं आहे, ते पत्तीने ओढून काढा. एका वेळी चार-पाच थरच लावा. जास्त जाडी एकदम चढवली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, कापड तापतं, रेझिनला फेस येतो. बाकीचे थर पहिले थर नखाचा ठसा उमटेल इतके चिकट-मऊ असताना लावले की दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच होतात. ती वेळ हुकली तर पूर्ण सेट होऊ द्या, धुवा, ८० नंबरच्या सँडपेपरने घासा आणि मग पुढे जा.

धुणं म्हणजे खरंच पाण्याने धुणं. बऱ्याच इपॉक्सी सेट होताना वर मेणासारखा पातळ तवंग सोडतात, दमट हवेत जास्तच. तो पाण्यात विरघळतो, सॉल्व्हंटने नीट निघत नाही. कोमट पाणी आणि घासणीचा हिरवा पॅड घेऊन धुवा, पुसा, मग पेपर लावा. न धुता घासलात तर पेपर क्षणात गच्च होतो, तवंग खाली दाबला जातो आणि पुढचा थर किंवा रंग काही काळाने पापुद्र्यासारखा निघतो. शेवटच्या थरावर पील प्लाय (सेट झाल्यावर सोलून काढायचं पातळ कापड) अंथरला असेल तर त्याच्यासोबत बराचसा तवंगही सोलून निघतो. कापडाच्या विणीच्या टोकांवर घासत बसायची मेहनतही वाचते. त्याचे पैसे वसूल होतात.

मिश्रणाबद्दल एवढंच पक्कं करा की इपॉक्सी म्हणजे पॉलिएस्टर नव्हे. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक टक्का-दोन टक्के असतो आणि थंडी-उन्हाप्रमाणे तो थोडा कमीजास्त करता येतो. इपॉक्सीचा हार्डनर उत्प्रेरक नाही, तो त्या पदार्थाचाच एक भाग आहे. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर उरलेला हार्डनर कायम मऊपणा ठेवतो. वेग बदलायचा असेल तर त्याच कंपनीचा जलद किंवा मंद हार्डनर घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण अर्धा होतो, हे ध्यानात ठेवून निवडा.

प्रमाण आकारमानाने दिलंय की वजनाने, हे डब्यावर वाचा. दोन्ही सारखे नसतात, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. आकारमानाने २ ला १ असलेलं एखादं इपॉक्सी वजनाने १०० ला ४३ च्या आसपास येतं. वजनकाट्यावर ‘दोन ला एक’ करणाऱ्याच्या मिश्रणात हार्डनर जास्त पडतो आणि थर कधीच नीट कडक होत नाही. पूर्ण दोन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. पावडर घालायची ती त्यानंतर, आधी नाही. आणि कालवलेलं इपॉक्सी खोल भांड्यात ठेवू नका. एकत्र ढीग राहिला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर सोडतो आणि प्लास्टिकचं भांडं वितळवतो. उथळ ताटलीत पसरवून ठेवलं की बराच जास्त वेळ हाताशी राहतो.

पावडरींबद्दल. सिलिका मिश्रणाला घट्ट करते, ओघळू देत नाही, आणि सेट झाल्यावर अतिशय कठीण बनवते. दळलेली काच किंवा बारीक धागे ताकद देतात. मायक्रोबलून म्हणजे काचेचे किंवा फिनोलिकचे पोकळ सूक्ष्म गोळे. ते हलकेपणा देतात आणि घासायला सोपं करतात, ताकद मात्र घालवतात. काचेचे पांढरे असतात, फिनोलिकचे तांबूस-तपकिरी. तर स्क्रूच्या भोकांत सिलिका आणि धागे, उतार भरायला काचेचं कापड, आणि मायक्रोबलून फक्त सगळ्यात वर, आकारासाठी. मोटारींच्या डेंटसाठीची पॉलिएस्टर पुट्टी पाणरेषेखाली मुळीच नको. त्यातली टाल्क पावडर पाणी ओढते.

आता स्क्रूची भोकं. ही छोटी म्हणून हलक्यात घेतली जातात, पण डेकवर तीच जास्त त्रासदायक ठरतात. बहुतेक डेक घन नसतात, दोन फायबरच्या पातळ कातड्यांमध्ये बाल्सा, प्लायवूड किंवा फोमचा गाभा असतो. वर्षानुवर्षं गळणाऱ्या स्क्रूने त्या गाभ्यात पाणी घातलेलं असतं. म्हणून भरण्याआधी तपासा. ड्रिलला कोरडा, फिक्या रंगाचा भुसा आला तर ठीक. काळा, ओला किंवा कुजका वास असलेला आला तर तिथला गाभा कुजला आहे आणि भोक वरून बुजवणं म्हणजे कुजणं आत कोंडणं. ओल थोड्याच जागेत असेल तर खिळा काटकोनात वाकवून ड्रिलला लावा आणि वरच्या कातडीखालचा गाभा भोकाभोवती सेंटिमीटरभर पोखरून काढा. वाळू द्या, आधी पातळ इपॉक्सी ओतून गाभ्याच्या कडा भिजवा, उरलेलं शोषून काढा आणि मग घट्ट मिश्रण भरा. ओल हातभर पसरली असेल तर हे उत्तर त्या कामासाठी पुरणार नाही. डेकची वरची कातडी उघडावी लागते.

घन लॅमिनेटमधल्या स्क्रूच्या भोकांना आधी एक नंबर मोठं ड्रिल फिरवा. कडेचा जुना मळ आणि सीलंट निघून जातं. मग काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या ड्रिलने) वर चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, द्या. जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर) ठिसूळ असतो, सुरुवातीला काउंटरसिंक उलटा फिरवला तर तो कपच्या न काढता खरवडतो, नंतर सुलटा. मागे टेप लावा. कापसाच्या बोळ्याने किंवा काडीने आतली बाजू पातळ इपॉक्सीने ओली करा आणि घट्ट मिश्रण सिरिंजमधून तळापासून वर भरत आणा. वरून पत्तीने दाबलं तर भोकात हवा कोंडते, रात्रीत ती वर येते आणि सकाळी मधोमध खड्डा दिसतो.

वेळेचंही बघा. उन्हाने तापत जाणाऱ्या कवचावर सकाळी काम करू नका. तापमान चढत असताना भोकातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते, लाकडी गाभ्यात तर फारच. दुपार उलटून पृष्ठभाग थंड होऊ लागला की आतली हवा आकसते आणि मिश्रण आत ओढून घेते. तेच भोक, तेच मिश्रण, फक्त संध्याकाळी भरलं म्हणून फरक पडतो.

स्क्रूचं भोक काठोकाठ भरू नका. मिलिमीटरभर खाली ठेवा. वरचा तेवढा भाग मायक्रोबलूनच्या पुट्टीचा. सिलिकाचं कठीण बूच पृष्ठभागापर्यंत आलं की घासताना ते टेकडीसारखं उभं राहतं, कारण पेपर आजूबाजूचा मऊ भाग आधी खातो. मग माणूस टेकडी सपाट करायला तिच्यावरच जोर लावतो आणि भोवती खड्डा पाडतो.

इथून काम आकाराचं. पुट्टी कालवताना रेझिन-हार्डनर नीट मिसळल्यावर मायक्रोबलून घालत राहा, पत्ती उलटी धरली तरी गोळा हलत नाही आणि उचलल्यावर टोक ताठ उभं राहतं इथपर्यंत. उभ्या पृष्ठभागावर ओघळू नये म्हणून चिमूटभर सिलिका घालावी, जास्त नाही, नाहीतर घासणं पुन्हा अवघड. एका भागाला लागेल तेवढी पुट्टी एकाच वेळी करा. दोन वेळा वेगवेगळ्या प्रमाणात केलेल्या पुट्ट्या वेगवेगळ्या वेगाने घासल्या जातात आणि त्यांच्या सीमेवर लाट उमटते. लावताना डागापुरतं न लावता रुंद लावा. लवचीक रुंद पत्ती किंवा पातळ लाकडी पट्टी घ्या, ती बोटीच्या वळणाप्रमाणे वाकेल इतपत, आणि चांगल्या पृष्ठभागावर दोन्ही टोकं टेकवून एका सलग ओढीत पुट्टी पसरवा. किंचित वर राहू द्या. दोनदा पातळ लावणं हे एकदा जाड लावण्यापेक्षा बरं.

घासायला फिरता सँडर घेण्याचा मोह आवरा. त्याचा गोल, मऊ पॅड खड्ड्यात शिरतो आणि तो खड्डा आणखी खोल करतो. हाताने ओढायचा लांब बोर्ड घ्या, निदान दोन हातांच्या अंतराइतका, बोटीच्या वळणाला थोडा वाकेल असा. त्यावर ८० नंबरचा पेपर. तो फक्त उंचवट्यांना शिवतो, खड्ड्यांवरून तरंगत जातो, म्हणजे कुठे कमी आहे हे तो स्वतःच दाखवतो. ४५ अंशांत तिरकं ओढा, मग उलट तिरकं, एकाच दिशेने कधी नाही. बोटीच्या लांबीच्या दिशेनेच ओढत राहिलात तर पन्हळी पडतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि खांदे दुखतात. हाताखालच्या माणसाला दिलं तरी शेवटची तपासणी स्वतः करा.

तपासायला आधी पृष्ठभागावर गडद रंगाची कोरडी पावडर किंवा स्प्रेचा अगदी हलका फवारा मारून घ्या. घासल्यावर जिथे रंग उरेल तिथे खड्डा. अंधारात टॉर्च कवचाला जवळजवळ चिकटवून तिरका प्रकाश टाका. दिवसा न दिसणारी लाट सावली टाकते. पण सगळ्यात खरं सांगतो तो हात. पातळ सुती हातमोजा घालून तळवा सपाट ठेवून फिरवा, बोटांची टोकं नव्हेत. मोज्यामुळे खरखर जाणवत नाही, फक्त चढउतार जाणवतो.

पुट्टीतली सुईच्या टोकाएवढी छिद्रं प्रायमरने भरतील अशी आशा ठेवू नका. रंग त्यांच्यावर ताणला जातो आणि सुकताना पुन्हा उघडा पडतो. पातळ इपॉक्सीत थोडे मायक्रोबलून घालून पत्तीने अगदी घट्ट ओढून घ्या, म्हणजे फक्त छिद्रांत राहील. मग १२० नंबरने घासा. पाणरेषेखाली मायक्रोबलूनची पुट्टी उघडी राहू नये. तिच्यावर इपॉक्सी किंवा इपॉक्सी प्रायमरचे निदान दोन-तीन हात घ्या. पाणरेषेच्या वर, उन्हात, इपॉक्सी रंगाविना ठेवता येत नाही. अतिनील किरणांनी ती पिवळी पडून खडूसारखी होते.

रंगाखाली भोकं दिसू नयेत यासाठीची एक गोष्ट फारच कमी लोक करतात. काम गुळगुळीत झालेलं असतं, रंग चकाचक लागतो, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यानंतर प्रत्येक जुन्या भोकाच्या जागी नाण्याएवढी गोल सावली उमटते. गडद रंगाच्या बोटीवर तर नक्की. कारण इपॉक्सी सामान्य तापमानाला ‘सेट’ झाली तरी पूर्ण पिकलेली नसते. उन्हात कवच ५०-६० अंशांवर गेलं की उरलेली प्रक्रिया पुढे सरकते, भरण थोडी आकसते आणि रंगावर छापा उमटतो. म्हणून शेवटचं घासणं आणि रंग यांच्या आधी ती भरण मुद्दाम तापवून घ्या. काळं प्लास्टिक अंथरून काही दिवस उन्हात ठेवा, किंवा हीट लॅम्प दूर धरून सावकाश, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाच्या वर न जाता. जे आकसायचं ते तेव्हाच आकसतं आणि तुमच्या पेपरखाली येतं.

जेलकोटबद्दल विचाराल म्हणून सांगतो. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट चढवता येतो की नाही यावर दोन मतं आहेत. अर्धवट सेट झालेल्या, न धुतलेल्या इपॉक्सीवर तो चिकटच राहतो हे खरं, कारण हार्डनरमधले उरलेले अमाइन त्याच्या सेट होण्यात अडथळा आणतात. पूर्ण पिकलेल्या, धुतलेल्या, खरखरीत घासलेल्या इपॉक्सीवर तो बसतो. तरीही मी सल्ला देईन की बोट रंगवणारच असाल तर इपॉक्सी प्रायमर आणि दोन घटकांचा रंग घ्या आणि ही कटकट टाळा. जेलकोट तसाच ठेवायचा असेल आणि भोकं फक्त वरवरच्या कपच्यांची असतील, तर तिथे इपॉक्सी न वापरता जेलकोटचीच पेस्ट भरा आणि हवा लागू नये म्हणून वर प्लास्टिकची फिल्म चिकटवा. एका घटकाचे काही तेलरंगही ताज्या इपॉक्सीवर वाळत नाहीत. कोपऱ्यात छोटासा पट्टा लावून बघितल्याशिवाय सगळी बोट रंगवायला घेऊ नका.

आता अंगाच्या काळजीचं. नायट्राइलचे हातमोजे घाला, फाटले की बदला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू साचत जाते आणि एकदा लागली की पुढे नुसत्या वासानेही अंगावर पुरळ उठतं, मग हे काम सोडावं लागतं. हाताला लागलं तर सॉल्व्हंटने पुसू नका, तो ते कातडीत ढकलतो. साबण आणि पाणी. अवजारांवरची ओली इपॉक्सी व्हिनेगरने निघते. पावडर घालताना आणि घासताना धुळीचा मास्क हवाच, आणि अर्धवट सेट झालेलं घासू नका. ती धूळ कडक झालेल्या धुळीपेक्षा जास्त त्रास देते.

बोट फायबरची नसून लाकडी असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. एकेक फळी स्वतंत्रपणे फुगते-आकसते अशा बांधणीत मोठ्या भोकात इपॉक्सीचा गोळा भरला तर लाकूड हलतं आणि गोळा सुटतो. तिथे त्याच जातीच्या लाकडाची गुट्टी, रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून, इपॉक्सीत बसवा. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातलं पाण्याखालचं भोक वेल्डिंगचं काम आहे. आणि साच्यात ओतलेल्या पॉलिथिलीनच्या कयाकला इपॉक्सी सहज चिकटतच नाही.

शेवटी वेळापत्रक. ४० मिलिमीटरचं भोक आणि स्क्रूची भोकं वेगवेगळ्या दिवशी घ्या. आधी मोठ्याचं लॅमिनेट, ते सेट होत असताना स्क्रूंचं ड्रिलिंग आणि तपासणी. आकाराची पुट्टी मात्र सगळ्यांवर एकत्र लावा, म्हणजे घासणं एकदाच. शेवटच्या थरानंतर २०-२५ अंशांत आठवडाभर थांबा. पाण्यात सोडल्यावर पहिले काही तास आतून त्या जागेवर कोरडा कागद चिकटवून ठेवा. बारीक झिरप डोळ्याआधी कागदाला कळते. आणि त्याच जागी पुन्हा नवा सेन्सर बसवायचा विचार असेल तर हा सगळा खटाटोप करण्याआधी त्याच्या भोकातून जाणाऱ्या भागाचा व्यास मोजा. तो जुन्या भोकापेक्षा मोठा असेल, तर भरण न करताच तेच भोक वाढवून कडा इपॉक्सीने सील करणं हे तासाभराचं काम आहे.